रॅमभाऊ

पाळण्यातलं नाव काहीही असो, या माणसाला मारेगावात रॅमभाऊच म्हणतात. वणीत, पांढरकवड्यात, घाटंजीत त्याचे भाऊबंद आहेत. तालुक्याचं गाव म्हटलं की तहसील, बसस्टँड, खर्ऱ्याची टपरी आणि एक रॅमभाऊ एवढं असायचंच. त्याचं दुकान असेलच असं नाही. असलं तर वरची पाटी झेरॉक्सची असते. पोट कशावर चालतं तेही नक्की सांगता येत नाही. थोडी शेती, थोडं लॅमिनेशन, परीक्षेच्या दिवसांत ऑनलाइन फॉर्म. पण बाहेरगावच्या पाहुण्यानं "आपण काय करता?" विचारलं तर तो शेतीही सांगणार नाही आणि झेरॉक्सही. म्हणेल, "रॅम टाकतो."

कॉम्प्युटर हळू चालतो? रॅम टाका. मधेच बंद पडतो? रॅम टाका. एकदा एका गुरुजींनी तक्रार केली की प्रिंटर पान वाकडं ओढतो. रॅमभाऊनं पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "ते प्रिंटरचंच आहे, पन रॅम टाकली असती त एवढं मनाले लागलं नसतं."

त्याच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो. पेचकस असतो, रंगाचा एक छोटा ब्रश आणि शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर. यातलं खोडरबर हे त्याचं मुख्य हत्यार. कॉम्प्युटर सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो आणि आतून 'बीप, बीप' अशी हाक येते, तेव्हा दहापैकी निम्म्या वेळा रॅमच्या पट्टीच्या पायावर मळ चढलेला असतो. पट्टीच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक दात असतात. डीडीआर थ्रीला २४०, डीडीआर फोरला २८८. रॅमभाऊ आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग दोन्ही कानांवरचे खटके दाबून पट्टी उपटतो, खिडकीच्या उजेडात धरतो आणि खोडरबरानं एकाच दिशेनं घासतो. पुढं-मागं नाही. रबराचा काळा चुरा फुंकरीनं उडवत नाही, कारण फुंकरीत थुंकी असते, ब्रशनं झाडतो. मग खाच पाहून पट्टी बसवतो, दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देतो. खटके 'टक्' करून आपोआप मिटले की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी वरबापाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. एवढ्या सगळ्याचे तो काही घेत नाही. रबर झिजलं त्याचेही नाही.

एक नियम मात्र कडक. कॅबिनेट उघडलं असताना समोरच्यानं तोंडात खर्रा ठेवायचा नाही. मोठमोठी माणसं, ज्यांना आमदारासमोरही खर्रा टाकायची गरज वाटली नव्हती, ती रॅमभाऊच्या एका शब्दासरशी बाहेर जाऊन चूळ भरून येतात.

कॅबिनेटच्या धुळीवरून तो घराचं गोत्र सांगतो. धूळ काळी आणि चिकट असेल तर मशीन वणीच्या बाजूनं, कोळसा खाणीच्या रस्त्यावरून आली. पंख्याच्या पात्यांना कापसाचे तंतू गुंडाळलेले असतील तर जिनिंगच्या काट्यावरची. खडूची भुकटी म्हणजे शाळा, आणि नुसती उदबत्तीची राख म्हणजे मालकानं कॉम्प्युटर वापरलाच नाही, पुजला. दसऱ्याला आमच्याकडे यंत्राची पूजा होते, तेव्हा कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून हळदकुंकू आत जातं. एका किराणा दुकानाच्या मशीनमध्ये त्याला रॅमच्या रिकाम्या खाचेत दोन अक्षता सापडल्या. त्यानं त्या चिमट्यानं काढून मालकाच्या हातावर ठेवल्या. "जागा चांगली पाह्यली तुमी," म्हणाला, "पन इथं आठ जीबी बसते."

आता खरं सांगायचं तर रॅमभाऊचा इलाज प्रत्येक वेळी बरोबर नसतो. जुना कॉम्प्युटर रडतखडत चालतो तो बऱ्याचदा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी टाकली की दोन मिनिटांनी उघडणारी विंडोज पंधरा-वीस सेकंदांत उघडते. हे रॅमभाऊला कळत नाही असं नाही. पण एसएसडीचं नाव काढलं की तो सासरच्या माणसाचं नाव निघाल्यासारखा गप्प होतो. फार ताणून धरलं तर कबूल करतो: "टाका ना. मी काय नाई म्हनतो? पन चार जीबीवर एसएसडी टाकली त ते बिचारी रॅमचं काम करकरून मरन." हे मात्र चूक नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत उचलून आणते. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीच्या अर्जांसाठी सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या, तेव्हा चार जीबीवर ब्राउझरच्या डझनभर खिडक्या उघडून बसलेले ऑपरेटर पडद्यावरचं गोल चक्र पाहत होते आणि समोरच्या बायका ऑपरेटरकडे पाहत होत्या. रॅमभाऊच्या आयुष्यातला तो सुगीचा काळ. रात्री केंद्र बंद झालं की हा पिशवी घेऊन शिरायचा आणि सकाळी आठ जीबी झालेली असायची. पैशाचं काय? "टाकून पाहा आठ दिवस. जमलं त द्या." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्याचे तीनशे रुपये वाचवण्यात या माणसाला जो आनंद होतो तो स्वतः तीनशे कमावण्यात होत नाही. नागपूरला सीताबर्डीवर जायचं म्हटलं की तो आठ जणांच्या ऑर्डरी गोळा करतो, करंजीला जाऊन हायवेची गाडी पकडतो, चार दुकानं फिरतो, भाव करता करता जेवायचं विसरतो आणि रात्री परतल्यावर प्रत्येकाला बिल आणि उरलेले सुटे पैसे देतो. स्वतःचं तिकीट त्यात धरायचं राहून जातं. वहिनींना याचा हिशोब पाठ आहे.

त्याचा खरा विद्यार्थिवर्ग म्हणजे गेम खेळणारी पोरं. बारावी झालेला, बापाच्या सोयाबीनच्या पैशातून 'कॉलेजसाठी' कॉम्प्युटर घेणारा पोट्टा आधी रॅमभाऊकडे येतो आणि मोबाइलवर फोटो दाखवतो. फोटोतल्या रॅमवर रंगीत दिवे लागलेले असतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणारे. रॅमभाऊ फोटो लांब धरून पाहतो.

"हे लायटिंग कायले?"

"काका, लूक येते."

"बापाले सांगतलं, लूकचे हजार रुपये जास्त लागते म्हनून?"

पोट्टा गप्प.

"लायटिंग गनपतीले लाव. इकडे बस."

आणि शिकवणी सुरू होते. ग्राफिक कार्ड घ्यायची ऐपत नसेल तर प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर भागवायचं असतं, आणि त्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उसनं घेतं. म्हणून सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्यायच्या, एकसारख्या, आणि मदरबोर्डच्या पुस्तकात दिलेल्या खाचांत लावायच्या. म्हणजे दोन्ही वाटांनी एकदम ये-जा होते. पैसा जवळपास तोच, गेम मात्र अडखळत नाही. मग येतो वेगाचा प्रश्न. पोरगं म्हणतं, ३२०० ची नको, ३६०० ची पाहिजे, नंबर मोठा आहे. रॅमभाऊ टपरीवरच्या कागदाच्या पुडीची मागची बाजू उलगडतो. ३२०० वाल्या पट्टीवर सीएल १६ लिहिलेलं आहे. सोळाला दोन हजारानं गुणा, बत्तीसशेनं भागा, आले दहा नॅनोसेकंद. ३६०० वालीवर सीएल १८. अठराला दोन हजारानं गुणा, छत्तीसशेनं भागा. पोरगं गुणतं, भागतं, आणि पुन्हा दहाच येतात. पहिला शब्द द्यायला दोघींना सारखाच वेळ. नंतरची धार ३६०० वालीची मोठी असते हे रॅमभाऊ सांगतो, लपवत नाही, पण हळू आवाजात सांगतो.

पट्टीवरच्या नावाचंही त्याला कौतुक नाही. "स्टिकर कोनाचंबी असो, आतल्या चिपा बहुतेक तीनच घरच्या," असं तो म्हणतो, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन ही नावं सोयरिकीतल्या घराण्यांसारखी घेतो. दोन कोरियाची, एक अमेरिकेची. मग पातळ पत्र्याचं भडक जाकीट चढवलेली महाग पट्टी आणि उघड्या हिरव्या-काळ्या पाटीची स्वस्त पट्टी शेजारी ठेवतो. रोजच्या वेगाला चालणाऱ्या डीडीआर फोरला जाकिटाची गरज पडत नाही. मारेगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला माणूस अंगातला सदरा काढतो, तिथं रॅमला कोट कशाला, हा त्याचा सवाल.

सगळ्यात जास्त रंगतो तो बायोसमध्ये शिरताना. पोरांनी हौसेनं ३२०० ची रॅम आणलेली असते आणि ती वर्षभर २१३३ नाही तर २४०० वर चाललेली असते, कारण बायोसमधलं एक्सएमपी नावाचं बटण कुणी चालूच केलेलं नसतं. कंपनीनं पट्टीवरच लिहून ठेवलेला वेग आपण होऊन मागावा लागतो. रॅमभाऊ डिलीटची कळ टपटप दाबत आत जातो, बटण चालू करतो, एफ टेन मारतो, आणि मशीन पुन्हा उठल्यावर मागं टेकून बसतो. "फुकट," एवढंच म्हणतो. सरकारी योजनेचा खराखुरा लाभ मिळालेला माणूस असा आवाज काढू शकेल, पण तसा मी अजून पाहिलेला नाही.

ऑनलाइन स्वस्तात मागवणाऱ्यांवर त्याचा राग आहे, पण तो राग डॉक्टरचा असतो. कुणी दोनशे रुपये वाचवायला लॅपटॉपची रॅम मागवतो; ती निम्म्याच लांबीची निघते आणि घरचे म्हणतात, अर्धीच पाठवली. कुणी जुन्या कॉम्प्युटरसाठी चार जीबीची डीडीआर टू फार स्वस्तात मिळाली म्हणून नाचतो आणि बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेलं वाचत नाही; इंटेलच्या बोर्डात ती पट्टी मुक्यानं बसून राहते. कुणी डीडीआर थ्रीच्या खाचेत डीडीआर फोर घालायला जातो. खाच वेगळ्या जागी असते ती याचसाठी, पण आमच्या भागात जोर लावला की सगळं बसतं अशी श्रद्धा आहे. असे मेलेले आणि न जुळलेले जीव रॅमभाऊ एका जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. प्रत्येकावर चिठ्ठी: कुणाचं, कधीचं, काय झालं.

आता पतसंस्थेचं प्रकरण. संस्थेचं नाव सांगत नाही, संचालक मंडळ अजून तेच आहे. तिथला कॉम्प्युटर मंद झाला म्हणून रॅमभाऊनं चार-चारच्या दोन पट्ट्या टाकून दिल्या. बिल झालं, व्हाउचर झालं. मग एका चौकस संचालकानं 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण दाबलं आणि भर मासिक सभेत उभा राहिला.

"आठ जीबीचं बिल आहे. मशीनवर लिहून आहे, वापरायलायक ३.२४. बाकीची रॅम कोनं खाल्ली?"

सभेत शांतता. मॅनेजरनं कपाळ पुसलं. रॅमभाऊला बोलावणं गेलं. तो आला, चष्मा लावून पाहिलं, आणि म्हणाला, "विंडोज बत्तीस बिटची आहे."

"म्हंजे?"

"म्हंजे तिले पत्ते मोजता येते ते दोनाचा बत्तिसावा घात, ४,२९,४९,६७,२९६. तेवढे बाइट. झाले चार जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिकले न् बाकी सामानाले राखीव. उरले सवातीन. बाकीची रॅम तिथंच आहे, जित्ती आहे, फक्त विंडोजले तिचा पत्ता मालूम नाई."

"खातेदाराची रक्कम संस्थेत आहे पन संस्थेले पत्ता मालूम नाई, असं आमी म्हनलं त चालन काय?" संचालकानं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. हा प्रश्न पतसंस्थेत विचारावा याचं मला जरा धाडसच वाटलं.

चौसष्ट बिटची विंडोज टाकली असती तर दहा मिनिटांचा विषय होता. पण संस्थेचं हिशोबाचं सॉफ्टवेअर जुनं, आणि पासबुकं छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याहून जुना. दोघांचंही बत्तीस बिटशिवाय जमत नव्हतं. तेव्हा तडजोड निघाली. रॅमभाऊनं लेखी द्यावं की उर्वरित रॅम संस्थेच्याच ताब्यात असून सुस्थितीत आहे. त्यानं दिलं. संचालकांनी कॅबिनेट उघडायला लावून दोन्ही पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्या, एकानं हात लावायचा प्रयत्न केला, त्याला खर्रा थुंकून यायला सांगण्यात आलं. वार्षिक तपासणीच्या यादीत ती नोंद अजून आहे.

भावाच्या बाबतीत मात्र रॅमभाऊ हा अस्सल वऱ्हाडी कास्तकार. सकाळी मोबाइलवर एकीकडे कापसाचा भाव पाहतो, दुसरीकडे रॅमचा, आणि दोन्हीकडे सारखंच सुस्कारतो. त्याच्या मते दोन्ही धंद्यांत दुनियेचा कारभार चार व्यापाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्याच्याकडे पुरावा आहे. बड्या मेमरी कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवल्याचं अमेरिकेत उघडकीला आलं, तेव्हा २००५ मध्ये सॅमसंगनं गुन्हा कबूल करून तीस कोटी डॉलर दंड भरला होता. "आपल्या इथल्या व्यापाऱ्यानं कधी भरला?" तो विचारतो. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वुशी गावच्या हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर रॅम महागली, ही तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते. वहिनींसमोर तो हे सांगत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागं दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी आधीच विकला ते हळहळले. पुढच्या वर्षी सगळ्यांनी घरात कापूस भरून ठेवला, माणसं अंगणात आणि कापूस खोलीत, आणि भाव काही वर आला नाही. कापसावर झोपून अंगाला खाज सुटली तेवढीच. रॅमभाऊचाही कापूस त्यात होता. त्यातून त्यानं धडा घेतला, पण चुकीच्या पिकाचा. रॅम काही भरून ठेवायची वस्तू नाही असं त्यानं ठरवलं, आणि २०२३ मध्ये आठ जीबीची डीडीआर फोर दीड हजाराच्या आसपास उतरली असताना जेवढी आणली तेवढी गावभर 'टाकून पाहा'वर वाटून टाकली.

मग आला २०२५ चा शेवट. एआयच्या सर्व्हरांना मेमरी कमी पडायला लागली, तिन्ही घरांनी आपली यंत्रं त्या महागड्या मालाकडे वळवली आणि तुमच्या-आमच्या डेस्कटॉपची पट्टी आटली. त्यात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपलेला. डिसेंबरात मायक्रॉननं आपला क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाव दुपटीच्याही वर गेले. स्वस्त रॅम हा ज्याचा धर्म, त्याचं देऊळच कुणी उचलून नेलं. आठवडाभर रॅमभाऊ टपरीवर दिसला नाही.

दिसला तेव्हा गावात चमत्कार सुरू झाला होता. ज्यांच्या मशीनमध्ये 'आठ दिवस टाकून पाहा'ची रॅम दोन-दोन वर्षं बसलेली होती, त्या सगळ्यांना अचानक उधारी आठवली. सेतूवाला आला, किराणावाला आला, गुरुजी आले. प्रत्येकाच्या हातात मोजून दीड हजार. "भाऊ, पाहून झालं. जमली. हे घ्या तवाच्या भावानं." रॅमभाऊनं डोळे मिटून विचारलं, "आजच परीक्षा संपली का?" पण पैसे घेतले, आणि वहिनींनी ते त्याच्या हातातून घेतले.

आणि मग पतसंस्थेचे तेच संचालक आले. बरोबर मॅनेजर, मॅनेजरच्या काखेत फाइल.

"तुमी लेखी दिलं होतं, चारच्या वरची रॅम मशीनले दिसत नाई."

"दिलं होतं."

"म्हंजे एक पट्टी फुकट बसून आहे."

"तसं नाई जी. दोन असल्या म्हनून दोन वाटा..."

"वाटा राहू द्या. ते पट्टी काढून घ्या न् आजच्या भावानं संस्थेले पैसे द्या."

रॅमभाऊनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आयुष्यभर लोकांना स्वस्त रॅम देणाऱ्या माणसाकडे प्रथमच कुणी महाग रॅम विकायला आलं होतं, आणि तीही त्यानंच लावलेली. शेवटी त्यानं सहकार खात्यात कुणालाही सुचेल तो मार्ग काढला. म्हणाला, "पहिले ठराव आना."

पुढच्या सभेनंतर मॅनेजर ठरावाची प्रत घेऊन आला, शिक्क्यासह. विषय क्रमांक सहा: संस्थेच्या संगणकातील बिनकामी एक नग रॅम तूर्त विकू नये, आणखी भाव येईपर्यंत मशीनमध्येच राखून ठेवावी. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.